पौडच्या गिरणीतलं प्लॅनिंग

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो, गिरणीतल्या कोंड्यासारखे ते आपोआप साचतात! पौडला सोसायटीच्या भातगिरणीत मी क्लार्क होतो, तेव्हाचे हे. जवळच्या माले गावात एकाने खाजगी गिरणी काढली आणि आमच्याकडे येणारा भात निम्म्यावर आला. आणखी एक हंगाम असा गेला असता, तर आमच्या दाराला कुलूपच!

म्हणून पुण्याहून नवे मॅनेजर आले, लिमये साहेब. गळ्यात टाय, हातात 'प्लॅनिंग'ची फाइल. पहिल्याच मीटिंगला त्यांनी चेअरमनना विचारलं, "तात्या, पाच वर्षांनी आपण कुठवर पोचायचं?"

"साहेब, उद्या इंजिन सुरू हुईल का, त्ये सांगा आधी!"

साहेबांनी फायलीचं पान उलटलं.

मग निघाला प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास! आमचे फिटर रमजानभाई, त्यांना गुपचूप माल्याला धाडलं. भाई संध्याकाळी परतले ते ऑइलने काळ्या झालेल्या हातांनी. "त्यांचं इंजिन बंद पडलं व्हतं. दुरुस्त करून दिलं!"

"अहो भाई, बंद राहिलं असतं तर आपला फायदा होता!" साहेब ओरडले.

"लोकांचा भात अडकला व्हता, साहेब. नुसतं बघत बसू व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढचा तर कहर! साहेबांनी दार लावून बेत सांगितला. बैलगाड्या पाठवून घरोघरचा भात उचलायचा, तांदूळ घरपोच द्यायचा. "ही स्ट्रॅटेजी बाहेर फुटता कामा नये!" दोन दिवसांत माल्याच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या! फोडलं कुणी?

"मीच सांगितलं," तात्या म्हणाले. "मालक माझा व्याही हाय. त्यानं सरळ इचारलं. व्याह्याशी खोटं बोलू?"

शेवटी सभासदांची सभा भरली. साहेबांनी हात जोडले. "यंदा सगळा भात आपल्याच गिरणीत आणणार असाल तर हात वर करा. नाहीतर गिरणी बंद!"

भराभर हात वर गेले. वाचली गिरणी! आणि पाहतो तर काय, एकच हात खाली. चेअरमनचा!

साहेब टेबलावरून पुढे वाकले. "तात्या, तुमचा भात जातो कुठे?"

"माल्याला. दर साली."

"अहो, पण का?"

तात्या उभे राहिले. "लेक दिलीया तितं. गिरणीला लागूनच घर हाय. अजून तिला मूल न्हाई, म्हंजी बापाला तिच्या घरचं पाणीबी चालत न्हाई. उगाच कसा जाऊ? भात घेऊन गेलो की भरडून हुईस्तवर बसाया मिळतं. तेवढीच दिसती."

साहेबांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "प्लॅनमध्ये लिहा. चेअरमनचा भात हिशेबात धरू नये."