दोन्ही बाजूंनी सुलट

मिसेस किम पुढच्या महिन्यात कोरियाला परत जाणार. तीन वर्षं दर शनिवारी त्यांनी मला खराडीत जोगाक्बो शिकवलं. चिंध्या जोडून केलेलं, बिनअस्तराचं, खिडकीत टांगायचं कापड. सोबत नेण्यासाठी त्यांनी एकच निवडलं, आणि ते माझं नव्हतं. कारेगावच्या गेस्ट हाउसमध्ये पूर्वी त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या आणि तिथेच हे शिकलेल्या शोभाताईंचं होतं. बाहेरच्या कडा शिवायच्या राहिल्या म्हणून ते अजून त्यांच्या गावी, वडगाव रासाईलाच होतं. मी बघायला निघाले. खरं म्हणजे चूक शोधायला.

एसटी सकाळी लवकरची घ्या; वाघोलीत उशीर झाला की दिवस गेला. कारखान्यांमुळे कारेगावात कोरियन पाट्यांची हॉटेलं आहेत. मी सराईतपणे किमची-भात मागवला. कुणाचं लक्ष नव्हतं. पुढे शिरूर, न्हावरा, आणि तिथून वडापची जीप, उसाच्या ट्रॉलीमागे रांगत.

शोभाताईंनी कापड ओसरीत उजेडासमोर धरलं. जोगाक्बोत प्रत्येक कड दुमडीत गडप व्हावी लागते, उलट-सुलट कळता कामा नये. मी चारदा उलटून पाहिलं. कळलं नाही.

आधी कागदावर आखलं होतं का, असं विचारलं.

"न्हाई. शेजारच्या टेलरकडं ब्लाउजच्या अस्तराची कातरण उरती. येईल तशी जोडती."

मग मी पिशवीतून माझं काढलं. त्यांनी ते पदराला हात पुसून घेतलं.

"लई सरळ हाय ओ. एवढे सारखे तुकडे घावले कुठं?"

"कापून घेतले. नवीन कापड आणून."

भाजी निवडत बसलेल्या त्यांच्या जाऊबाई हसल्या. "अख्ख्या कापडाच्या चिंध्या केल्या व्हय?"

शोभाताईंनी त्यांना गप्प केलं आणि मला चहा दिला. त्यापेक्षा हसणं परवडलं असतं.

निघताना त्यांनी कातरणीची पुडी हातात ठेवली. जीपने दौंड, दौंडहून पुण्याची गाडी. संध्याकाळी ती बऱ्यापैकी रिकामी असते, खिडकी मिळाली. पुडी उघडली नाही.

घरी उघडली. एकही तुकडा दुसऱ्याएवढा नाही. एकाची कड सरळ करायला कात्री उचलली आणि परत ठेवली. आठवडाभर तो ढीग टेबलावर तसाच आहे.

शनिवारी मिसेस किमनी विचारलं, कसं वाटलं?

"कडा अजून व्हायच्यात," मी म्हटलं. मला तेवढंच सापडलं होतं.