फिटरसाहेब तोरा वाचतात

पुण्यातल्या आमच्या छोट्या ज्यू मंडळीचा मी हझान आहे, म्हणजे प्रार्थना चालवणारा. आमच्याकडे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, कुणी नाही. त्यामुळे शनिवारची प्रार्थना, लग्न, बारसं, दफन, सगळं हझानच्याच वाट्याला येतं. मी मूळचा सरकारी कचेरीतला कारकून. जुने हझान मुलाकडे इस्राएलला राहायला गेले, तेव्हा "तुमचा आवाज बरा आहे" एवढ्या एका पात्रतेवर मला उभं केलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. यातून तुम्हाला मिळतं काय, असं बिबवेवाडीतले शेजारी कधीकधी विचारतात. मी त्यांना फिटरसाहेबांची गोष्ट सांगतो.

फिटरसाहेब वारज्याहून यायचे. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती. प्रार्थनालयात ते शेवटच्या बाकावर बसत आणि पुस्तक उघडं ठेवून डुलक्या काढत. त्यांच्या पत्नी वर बायकांच्या गॅलरीत असत. इकडे मान कलली की वरून एक ठराविक खाकरणं ऐकू येई आणि फिटरसाहेब पान उलटत. बहुधा चुकीचं. त्या खाकरण्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की बाई गेल्या त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मीच एका जागी उगाच थांबलो.

महिन्याभरानं, एका गुरुवारी दुपारी, ते आमच्या घरी आले. मी झोपलो होतो. बायकोनं दार उघडून सांगितलं, "चार वाजता उठतील." चार वाजता ती मला म्हणाली, "जिन्यात फिटरसाहेब बसलेत. दीड तास झाला, बेल पुन्हा वाजवली नाही. पक्के पुणेकर."

मी त्यांना आत आणलं. चहा पूर्ण संपल्यावर ते बोलले.

"हझानसाहेब, हिचं वर्षश्राद्ध येईल तेव्हा तोरा मी वाचीन म्हणतो."

आमचा धर्मग्रंथ, तोरा, अजूनही हातानं लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळीतून वाचतात. हिब्रू अक्षरं असतात, पण काना-मात्रा काही नाही. ते सगळं पाठ असावं लागतं, चालीसकट. मुलगे तेरा वर्षांचे झाले की हे शिकतात. फिटरसाहेब तेराव्या वर्षी गावाकडे दुसऱ्याच्या म्हशी राखत होते.

"आपलं वय किती?" मी विचारलं.

"एकाहत्तर. शेवटचं लेथ मशीन शिकलो तेव्हा पंचावन्न होतं."

मी देवनागरीत लिहून देतो म्हणालो, ते पाठ केलं की भागेल. त्यांनी मान हलवली. "नको. पार्ट न ओळखता मशीन जोडायचं नसतं."

मग दर गुरुवारी शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी त्यांना दोन अक्षरं दाखवली, रेश आणि दालेत. दिसायला जवळजवळ सारखी, एकाचा खांदा गोल, दुसऱ्याचा कोपरा टोकदार.

"टॉलरन्स किती? म्हणजे फरक कितीपर्यंत चालतो?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"मग जमेल," ते म्हणाले आणि खिशातून भिंग काढलं.

जमत मात्र नव्हतं. चाल तर अजिबात नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग करून दिलं. त्यांच्या मुलीचा, ती आयटीत आहे, मला फोन आला. "काका, बाबा सकाळी किचनमध्ये तुमचं रेकॉर्डिंग लूपवर लावतात. मी मीटिंगमध्ये पण तेच गुणगुणते हल्ली." सहा महिन्यांनी माझी बायको म्हणाली, "शेजारच्या काकू परवा पोळ्या लाटताना अब्राहाम म्हणत होत्या. आता त्यांचीही परीक्षा घेऊन टाका."

वर्षश्राद्धाच्या शनिवारी येणारा भाग सारेच्या, म्हणजे आमचा मूळपुरुष अब्राहाम याच्या बायकोच्या, मृत्यूचा होता. आम्ही काही निवडला नव्हता, पंचांगातच तो तिथे पडत होता. त्यात अब्राहाम बायकोसाठी शोक करायला आणि रडायला येतो. 'रडायला' या शब्दातलं एक अक्षर गुंडाळीत परंपरेनं बारीक लिहितात. मी शंभरदा वाचलं असेल. फिटरसाहेबांनी भिंग धरलं आणि म्हणाले, "हा पार्ट अंडरसाइज आहे."

मी सांगितलं, ते मुद्दाम आहे. काही जाणकार म्हणतात, अब्राहाम लोकांसमोर थोडंच रडला, बाकीचं त्यानं मनात ठेवलं.

त्यांनी भिंग पुन्हा त्या अक्षरावर धरलं. मग म्हणाले, "बरोबर केलंय," आणि पुढची ओळ वाचायला लागले.

शनिवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चुकलो तर लगेच सांगू नका. पाच सेकंद द्या. माझं मला सापडेल."

सात वचनं त्यांच्या वाट्याची होती. पहिलं स्वच्छ गेलं. दुसऱ्यात ते त्या बारीक अक्षराशी आले आणि थांबले. ओळ दाखवायची हातातली चांदीची काडी त्या शब्दावर टेकलेली होती. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. चारला वरच्या गॅलरीतून मुलीचा आवाज आला. पूर्ण शब्द, अगदी माझ्या चालीत.

फिटरसाहेबांनी वर पाहिलं नाही. शब्द म्हटला आणि उरलेली पाच वचनं सरळ वाचून काढली. त्या पाचांत मला एकही चूक सापडली नाही, आणि मी चुका शोधण्यात कमी नाही.

प्रार्थनेनंतर सगळे मनुकांचं सरबत प्यायला जमले. मुलगी माझ्याकडे आली. "सॉरी काका, तोंडातून निघून गेलं." आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना नियमांची फार काळजी, ते म्हणाले, "बाईमाणसानं वरून सांगितलेलं चालतं का, हझानसाहेब?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात फिटरसाहेबच म्हणाले, "तिच्या आईनं चाळीस वर्षं वरूनच सांगितलं. तेव्हा कुणी विचारलं नाही."

सगळे हसले, ज्येष्ठ सभासदसुद्धा. फिटरसाहेब हसता हसता खिडकीकडे वळले आणि थोडा वेळ तिथेच पाठमोरे उभे राहिले. मुलीनं त्यांचा पेला भरून ठेवला.

मला वाटलं, आता गुरुवार मोकळा झाला. पण पुढच्या गुरुवारी, बरोबर चार वाजता, बेल वाजली. दारात फिटरसाहेब, त्यांच्या मागे ऑफिसातून लवकर निघालेली मुलगी, आणि तिच्या मागे, इकडेतिकडे बघत, ते ज्येष्ठ सभासद.

"मी फक्त ऐकायला आलोय," ते म्हणाले. "माझं काही काही विसरायला झालंय."

बायकोनं आतून विचारलं, "चहा किती?"