विमानाला केशरी ठिगळ

फौजेच्या विमानाला नारळाने भोक पाडणारा सोनई पंचक्रोशीतला मी पहिला माणूस आहे. दुसरा होईल असं वाटत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत विमानांचे मेकॅनिक होते. मोठ्या लढाऊ विमानांचे नव्हेत. दोनच माणसं बसतील अशा हलक्याफुलक्या विमानाचे. आधी त्यावर नवखे वैमानिक उडायला शिकले. पुढे तेच विमान साहेबांना आणि तातडीच्या टपालाला एका छावणीतून दुसऱ्या छावणीत पोचवू लागलं. "धावपट्टी न्हाई तर न्हाई, सरळ वावरात उतरायचं!" हे आणि असलं बरंच काही अण्णा आम्हाला रोज जेवताना सांगत. (रोज! त्यामुळे आम्ही कोणी ऐकत नसू.)

तसलंच एक निवृत्त विमान गावच्या शाळेला मिळालं. ट्रकमधून सुटे भाग आले आणि ऐंशीच्या घरातल्या अण्णांनी सहा महिने खपून ते उभं केलं. उद्घाटनाला याच जातीच्या विमानावर शिकलेले एक म्हातारे वैमानिक येणार होते. अण्णा चार दिवस धड जेवले नाहीत. "साहेबानं हात फिरवून 'ठीक हाय' म्हनलं, की माझी नोकरी पुरी झाली," म्हणायचे.

विमानाचा इतिहास सांगणारं भाषण माझ्याकडे होतं. मी शहरातल्या घरून, सावेडीहून, सकाळीच केशरी फेटा बांधून हजर! पाहुण्यांना अजून दीड तास होता. बघतो तर विमानाला ना कुंकू, ना लिंबू, ना हार. आमच्याकडे नवा ट्रॅक्टरसुद्धा पूजेशिवाय दारात लागत नाही, आणि हे तर विमान! मी चाकांखाली लिंबं ठेवली, नाकावर हार चढवला आणि नारळ उचलला. फोडायला दगड शोधला, तर मैदान इतकं झाडलेलं की खडासुद्धा नाही. समोर चकचकीत पंख होता. फौजेचा माल म्हणजे पक्कं पोलाद! "भारतमाता की जय!" म्हणून हाणला.

फस्स!

नारळ सरळ पंखाच्या आत!

"काय झालं रं?" शेपटीमागून अण्णा आले.

"काही नाही... पत्रा जरा कच्चा लागला."

"पत्रा? आरं, कापड हाय त्ये! सांगाड्यावर ताणून बसिवल्यालं कापड! जल्मभर काय सांगत आलो मी?"

(तेच. रोज जेवताना.)

अण्णांचे हात थरथरत होते. त्यांनी भोकात कोपरापर्यंत हात घालून नारळ बाहेर काढला. त्याला साधी चीरही गेली नव्हती!

"फेटा सोड."

"माझा?"

"मग काय साहेबाचा?"

त्यांनी फेटा टर्रकन फाडला, तुकडा मापात कापला आणि कापड ताठ करणारं उग्र वासाचं रोगण लावून चिकटवला. ब्रश हातात येताच थरथर गायब! बापाला त्याच्या कामात मी पहिल्यांदाच पाहत होतो. शरमेने मेलो होतो, तरी छाती भरून आली.

साहेब आले. पंखावरून हात फिरवताना केशरी ठिगळापाशी थांबले. "हे काय?"

अण्णा ताठ उभे. "नारळ लागला, साहेब. माझ्या पोराच्या हातनं. तासाभरापूर्वी."

साहेबांनी ठिगळावर टिचकी मारली. ते टणटणीत वाजलं. "तासाभरात? मग ठीक नाही, उत्तम आहे! शिकताना मीही अशाच विमानाचा पंख कुंपणात घालून फाडला होता. तुमच्यासारख्याच एकाने सांधून दिला, म्हणून मी वैमानिक झालो."

अण्णांचे डोळे भरले. माझेही. माझ्या भाषणाची सुरुवात 'पोलादी पंखांचा हा गरुड' अशी होती, म्हणून मी कागद खिशात घातला आणि माइक अण्णांकडे दिला. त्या दिवशी सगळ्या गावाने ऐकलं. मीसुद्धा!

आता दर शनिवारी अण्णा मुलांना विमान दाखवतात. मी मागे उभा असतो. ठिगळापाशी आले की त्यांचा आवाज चढतो :

"पोरांनो, ह्या इमानावर लई जनं शिकली. सगळ्यात शेवटी ह्यो माझा थोरला शिकला. बावन्नाव्या वर्षी! आन् सगळ्यांत त्योच एकटा जमिनीवर असताना आदळला!"