मालकाचं नाव

टर्पेंटाइनचा वास आला की मला इन्कमटॅक्स ऑफिसातलं ते लाकडी बाक आठवतं. मध्यभारत जाऊन नुकतंच मध्यप्रदेश झालं होतं. यांचा देवास गेटला फोटो स्टुडिओ होता, आणि राम घाटावरून स्नान करून आलेल्या जोडप्यांच्या फोटोंना घरी बसून हाताने रंग द्यायचे मी. वकील म्हणाले, रंग देणाऱ्याचा पगार खर्चात दाखवा, तेवढाच कर वाचेल. यांनी दाखवला, आणि रंग देणाऱ्या बाईला घेऊन या म्हणून बोलावणं आलं. टांग्यातून उतरलो आणि त्या लाकडी बाकावर बोलावण्याची वाट पाहत बसलो. साहेबांनी विचारलं, "रंगाई आप ही करती हैं?" मी टर्पेंटाइनने धुऊनही रंगलेलीच राहिलेली नखं पुढे केली. "तनख्वाह मिलती है?" मी होकारार्थी मान हलवली, आणि खोटेपणाने कानशिलं तापली. "मालिक का नाम बताइए।" मालक शेजारीच उभे होते, पण उखाण्याशिवाय यांचं नाव मी कधी घेतलंच नव्हतं. घसा कोरडा पडला, जीभ उचलेना. साहेबांनी माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि हसून तो खर्च खोडला. परतताना हे चिडून म्हणाले, "एकदा नाव घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "एकदा पगार दिला असतात तर घेतलं असतं." आता हे नाहीत. बँकेत पतीचं नाव विचारतात. मी सांगते, आणि घसा तसाच कोरडा पडतो.