मुद्देमालातली मेंढरं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता विसरलो. एक साधी फसवणुकीची केस मात्र मनातून जात नाही. तेव्हा मी बारामतीला तपासावर होतो. नावं कुणाचीच घेणार नाही, कारण ती माणसं अजून याच भागात राहतात.

पुण्याचा एक चित्रांचा व्यापारी फिर्याद घेऊन आला. एका दिवंगत, फार मोठ्या चित्रकाराची म्हणून त्याने बारामतीत काही रेखाटनं विकत घेतली होती. काळ्या शाईतली मेंढरं, काठीला टेकलेले धनगर, मध्येच एखादं कुत्रं. चित्रकाराच्या मुलीने ती पाहिली आणि सांगितलं, सही बाबांची आहे, चित्रं त्यांची नाहीत. मला चित्रातलं ढिम्म कळत नाही. पण सही खरी आणि चित्र खोटं, हे काही डोक्यात शिरेना. फसवणारे नेमकं उलटं करतात. हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला, त्यातही सही अस्सल. डोक्याला नुसता ताप झाला.

विकणाऱ्याने नाव, गाव सगळं खोटं सांगितलं होतं. धागा सापडला तो बाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडून. ठाण्यात बोलावलं तर तोंड न उघडणारी माणसं त्यांच्याच दुकानात स्टुलावर बसून चहा घेतला की बोलतात, हा माझा अनुभव.

"साहेब, बावड्याच्या ड्रॉइंगच्या सरांचा पोरगा हाय त्यो. अख्खी ट्रंक घिऊन आलता. पर माझं नाव मधी येऊ देऊ नका."

बावड्याला गेलो. सर निवृत्त झालेले, हायस्कुलात उभा जन्म काढलेले. जीप दारात थांबली तशी त्यांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि मुलाच्या आधी येऊन गाडीत बसले. न सांगता गाडीत बसणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

ठाण्यात मी जबाबाला सुरुवात करायच्या आतच ते म्हणाले, "चित्रं मी काढली. पोराला न्हाय ठाऊक. गुरुजींनी मला दिलेली, असंच मी त्याला सांगत आलोय."

"आणि सही?"

"सही गुरुजींचीच हाय."

मग त्यांनी सांगितलं. तो चित्रकार दर उन्हाळ्यात लोणी भापकरच्या एका मळ्यात येऊन राहायचा. आसपासची चित्रकलेची आवड असलेली चार-दोन पोरं त्याच्याकडे शिकायला बसत. शिकवायची रीत एकच. गुरुजी कळपासमोर बसून चित्र काढणार आणि पोरांनी ते हुबेहूब उतरवायचं. रेघ जराशी हलली की कागद फाडायचा, पुन्हा बसायचं. ज्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून गुरुजींना स्वतःलाच फरक कळायचा नाही, त्या दिवशी ते शिष्याच्या कागदावर आपली सही करायचे. ती सही म्हणजे पास झाल्याची खूण. बाकीची पोरं एक-दोन सह्यांवर थांबली, पोटापाण्याला लागली. सरांनी ट्रंक भरली.

सगळं खरं वाटत होतं, फक्त मुलाला माहीत नव्हतं हे सोडून. बाप मुलाला वाचवतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मुलगा समोरच्याच बाकावर बसलेला. सर जबाबावर ठाम राहिले असते तर मुलगा सुटला असता आणि म्हातारपणी फसवणुकीचा आरोपी म्हणून सर उभे राहिले असते.

चित्रं त्यांच्याच हातची, हे कागदावर आणणं भाग होतं. दोन पंच बोलावले, कागद, शाई, टाक मागवला. मी म्हणालो, "सर, एक गुरुजींसारखं काढा. दुसरं तुमच्या स्वतःच्या पद्धतीनं काढा. तज्ज्ञाला दोन्ही नमुने लागतील."

पहिलं त्यांनी असं काढलं की हवालदार खुर्ची सोडून मागे येऊन उभा राहिला. मान वळवून बघणारी मेंढी, तिच्या पोटाशी कोकरू. हात कुठे अडला नाही. मग दुसरा कागद पुढे ओढला. टाक शाईत बुडवला, कागदावर आणला, तो वाळला, पुन्हा बुडवला. समोर ठाण्याचं अंगण होतं, लिंब होता, जप्त केलेल्या मोटारसायकली होत्या. सर बघत होते. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला.

"न्हाय जमत साहेब. कुठली बी रेघ धरली की ती गुरुजींचीच येती. माझी अशी मी कधी काढलीच न्हाय."

मुलगा तिथेच फुटला. "साहेब, बास करा. आबा खोटं बोलत्यात. मला ठाऊक हुतं. लहानपणापासनं बघतोय, आबांनीच काढल्यात. ट्रंकंत वाळवी लागत हुती. आबांचं नाव सांगून कुणी भिंतीला लावलं असतं का?"

पैशाचा मोह होताच, तो त्याने नाकारला नाही. पुढे त्याने रक्कम परत केली, कोर्टात तडजोड झाली आणि सुटला. चित्रं ज्याची त्याला परत द्यावीत असा हुकूम झाला. सर एसटीने आले. मुद्देमाल कारकुनाने पावती पुढे केली. तिच्यावर 'माझ्या मालकीची, मी स्वतः काढलेली चित्रं मिळाली' असं लिहून सही करायची होती.

सरांनी ते वाचलं. "गुरुजींची असं लिवा की," ते म्हणाले.

ते शक्य नव्हतं. चित्रकाराच्या मुलीने लेखी हरकत दिली होती. मी समजावलं, थोडा चिडलोही. उभ्या नोकरीत दुसऱ्याची वस्तू आपली म्हणणारी माणसं मी ढिगाने पाहिली. बांधावरून, सोन्यावरून, म्हशीवरून गळे धरणारी. स्वतःची वस्तू आपली म्हणताना जीभ अडखळलेला माणूस हा एकच. गिरवून शिकण्यात वाईट काही नाही, आपण सगळे तसेच शिकतो. मीही माझ्या पहिल्या साहेबासारखाच दम द्यायला शिकलो. पण आता पुरे, आता तुझं काढ, हे त्या माणसाला वेळेवर कुणीतरी सांगायला हवं होतं. गुरुजींनी सांगितलं नाही, नुसत्या सह्या करत गेले. त्याचा मला आजही राग येतो.

सर पावती तशीच ठेवून उठले. मला राहवेना. म्हणालो, "सर, पावतीचं मी बघतो. एक तरी घरी न्या."

ते दारात थांबले. "नेलं असतं साहेब. पर भिंतीला लावल्यावर कुणी इचारलं तर कुणाचं म्हणून सांगू?"