गणपतराव नोटरींची चुकलेली मुदत

आमच्या शेजारचे गणपतराव वकील मोठे नेमाचे गृहस्थ. पंचाहत्तर साली त्यांचं नोटरीचं प्रमाणपत्र दहा सप्टेंबरलाच आलं होतं, पण त्यांनी महिनाभर शिक्का उचलला नाही. दसऱ्याला त्याची पूजा केली आणि मगच काम सुरू केलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तीन वर्षांची मुदत दसऱ्यापासूनच धरलेली.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरअखेर ते नूतनीकरणाचा अर्ज घेऊन गेले, तर कारकून म्हणाला, "मुदत दहा तारखेलाच संपली. ती संपायच्या आत यायचं होतं. आता नव्यानं अर्ज करा."

म्हणजे मॅजिस्ट्रेट, बँक मॅनेजर, व्यापारी आणि दोन रहिवासी यांच्या सह्या. मग नोटीस, हरकती... मला ऐकूनच वैताग आला. पण गणपतराव वेगळ्याच काळजीत. दहा तारखेनंतर त्यांनी अकरा कागदांवर शिक्का मारला होता! दहा जण गावातले, त्यांचे कागद दुसऱ्या नोटरीकडून करून झाले. अकरावे मात्र गावाबाहेरच्या वाडीतल्या गोदामात कामाला असलेले धोंडबा. त्यांच्या मुलीच्या, सुजाताच्या जन्माची नोंदच नव्हती, म्हणून टेलिफोन खात्यातल्या नोकरीसाठी जन्मतारखेचं प्रतिज्ञापत्र केलेलं. निरोप मिळताच बापलेक आले. नोकरीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस.

"वकीलसाहेब, पूजा तुमची अन् नौकरी माह्या पोरीची जाते! काहून असं केलं?"

गणपतरावांनी टोपी घातली, नवा स्टॅम्पपेपर घेतला आणि दोघांना रिक्षात बसवून ओमप्रकाश नोटरींकडे नेलं. ज्यांची ते कायम टिंगल करत, तेच हे ओमप्रकाश. पुढचं मला सुजाताने सांगितलं.

"आइये वकीलसाहब, आज कौनसा मुहूर्त है?" ओमप्रकाश हसले.

"मुहूर्त राहू द्या. आधी तुमचं प्रमाणपत्र दाखवा. तारीख बघू."

ओमप्रकाशांचा चेहरा उतरला. पण त्यांनी भिंतीवरची चौकट काढून दिली. मुदत संपायला अजून आठ महिने होते. मग गणपतरावांनी मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला आणि धोंडबांची ओळख पटवणारे म्हणून खाली सही केली. टेलिफोन कचेरीची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना अर्ज आत गेला.

गणपतराव घामाघूम होऊन परतले तेव्हा मी पाणी दिलं.

"वहिनी, तिचं झालं. आता माझ्या अर्जावर रहिवासी म्हणून विश्वनाथराव सही करतील ना?"

"करतील की," मी म्हटलं. "पण भावजी, या खेपेला तारीख मला वाचू द्या."

यजमानांनी त्याच संध्याकाळी सही केली. नवं प्रमाणपत्र यायला मात्र चौदा महिने लागले.