मामांचा आवाज

भाजीच्या गाडीवरचा रेकॉर्ड केलेला आवाज गल्लीत आला, की मला केडगावचे मामा आठवतात. रिक्षात बसून, हातात माईक धरून ते वरवंडपासून दौंडपर्यंत दुकानांच्या जाहिराती पुकारायचे. पुढं एका कापड दुकानदारानं त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर भरून घेतला, सीडी वाजायला लागली आणि मामांना बोलावणंच थांबलं. त्याच उन्हाळ्यात छातीत कळ येऊन ते गेले. दहावा उरकून आम्ही नदीवरून घरी आलो होतो, बायका मामीभोवती बसल्या होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "या माता-भगिनींनो, लग्नाचा बस्ता आपल्याच दुकानात!" तो मामांचाच होता. मी धावत जाऊन रिक्षा अडवली. रिक्षावाला ओशाळला. "भाऊ, ध्यानातच आलं न्हाई. बंद करतो." मागून मामी तापल्या मातीत अनवाणी आली होती. "नगं रं," ती म्हणाली, "बोलू दे त्यांना." जाहिरात संपेपर्यंत ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. दिवाळीत दुकानदारानं पुण्याहून दुसऱ्याच आवाजाची सीडी आणली. मी जुनी मागायला गेलो, तर ती त्यानं फेकून दिली होती, कॉम्प्युटरवरचंही पुसलं होतं. आता माझ्या फोनमध्ये घरातल्या सगळ्यांचे व्हिडिओ आहेत. थकलेली मामी ते बघते आणि हळूच विचारते, "त्यांचं कायच न्हाई का रं ह्यात?"